दिस, दॅट, दीझ, दोझ: मोजणी आपली की इंग्रजीची?

बसमध्ये सीटखाली एक नोट आणि थोडी चिल्लर पडलेली दिसते. शेजारचा प्रवासी मराठी नसेल तर आपण मनातल्या मनात वाक्य जुळवू लागतो. 'हे पैसे तुमचे आहेत का?' मराठीत पैसे अनेकवचनी, म्हणून 'हे' अनेकवचनी आणि 'आहेत'सुद्धा अनेकवचनी. त्यामुळे तोंडून निघतं, 'आर दीझ मनी युअर्स?' वचनाचा नियम आपण काटेकोर पाळलेला असतो, पण तो मराठीचा नियम असतो. इंग्रजीत 'मनी' मोजता न येणारं, एकवचनी नाम आहे. म्हणून तिथे म्हणायचं, 'इज दिस मनी युअर्स?'

'जवळचं एक ते दिस, जवळची अनेक ती दीझ, लांबचं एक ते दॅट, लांबची अनेक ती दोझ' हे पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, त्यामुळे हे चार शब्द आपल्या मुलांच्या कानावर अगदी लवकर पडतात. तरीही मोठेपणी, चांगलं इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा इथे अडखळतात. माझ्या मते याचं कारण नियम कच्चा राहिला हे नव्हे. 'एक' कशाला म्हणायचं आणि 'अनेक' कशाला, हे दोन भाषांनी वेगवेगळं ठरवलेलं आहे, आणि पाठ केलेला नियम त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आधी आपल्या घरात पाहू. शाळेत आपण 'हा' आणि 'तो' यांना दर्शक सर्वनामं म्हणतो. पुढे नाम आलं, म्हणजे 'हा मुलगा', 'तो पक्षी' असं म्हटलं, की तोच शब्द सार्वनामिक विशेषण होतो. इंग्रजीतही 'दिस इज माय बुक' आणि 'दिस बुक इज माइन' यांत असाच फरक आहे. दोन्हीकडे रूप एकच राहत असल्यामुळे रोजच्या वापरात त्याचा त्रास होत नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

मराठी दर्शकाला मात्र जवळ-लांब आणि एक-अनेक याखेरीज लिंगही सांभाळावं लागतं. हा आंबा, हे आंबे. ही मिरची, ह्या मिरच्या. हे केळं, ही केळी. इंग्रजीत या सहा ठिकाणी दोनच शब्द लागतात, दिस आणि दीझ. म्हणजे काम सोपं व्हायला हवं. पण आपल्या सहा जागा नीट पाहा. 'हे' दोनदा आलं आहे: केळं एकच असताना, आणि आंबे अनेक असताना. 'ही' सुद्धा दोनदा आलं आहे: एका मिरचीसाठी आणि अनेक केळ्यांसाठी. नुसतं 'हे' किंवा 'ही' ऐकून वस्तू एक आहे की अनेक, ते मराठीत कळत नाही. पुढचं नाम आणि क्रियापद ऐकल्यावर कळतं.

शब्दाला प्रत्यय लागला की उरलेला फरकही जातो. 'या आंब्याला वास आहे.' 'या आंब्यांना वास आहे.' दोन्हीकडे 'या'च. मिरचीचंही तेच, केळ्याचंही तेच. एक की अनेक हा सगळा भार नामाच्या शेवटावर पडतो, आणि घाईच्या बोलण्यात तो शेवटही पुसट होतो. आपल्या जिभेला लहानपणापासून सवय अशी, की दर्शक आधी उच्चारून टाकायचं आणि वचनाचं नंतर पाहायचं. इंग्रजीत ही सवय चालत नाही, कारण तिथे दर्शक उच्चारण्याआधीच वचन ठरलेलं लागतं. 'या मित्रांबरोबर'चं 'विथ दिस फ्रेंड्स' होतं ते याच सवयीमुळे. बोलणाऱ्याला 'फ्रेंड्स' अनेकवचनी आहे हे पक्कं ठाऊक असतं, पण 'दिस' तोवर निघून गेलेलं असतं. 'या दिवसांत'चं 'इन दिस डेज' हेही त्याच वाटेने येतं. तिथे 'दीझ डेज' हवं, आणि 'हल्ली' या अर्थाने बोलायचं असेल तर आधी 'इन'सुद्धा नको. गंमत म्हणजे 'त्या काळी' म्हणताना मात्र 'इन दोझ डेज' असं 'इन' लावूनच म्हणतात.

आता पैशांकडे परत येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. मराठीत बऱ्याच वस्तू आपण अनेकवचनात बोलतो आणि इंग्रजी त्यांना एकवचनात ठेवते. 'हे तांदूळ जुने आहेत' या वाक्यात तांदूळ अनेकवचनी आहेत, एकेक दाणा जणू वेगळा आहे. इंग्रजीला तांदळाचा एकसंध साठा दिसतो, म्हणून 'दिस राइस'. शिजल्यावर आपणही 'हा भात' म्हणून एकवचनात जातो. इंग्रजीत कच्चा असो की शिजलेला, 'राइस' तो 'राइस', आणि दर्शक 'दिस'. 'हे गहू'चं 'दिस व्हीट'. 'हे दागिने'चं 'दिस ज्वेलरी'. 'ह्या बातम्या'चं 'दिस न्यूज'. या शेवटच्या शब्दाच्या टोकाला स दिसतो म्हणून 'दीझ न्यूज' म्हणायचा मोह होतो, पण तो स अनेकवचनाचा नाही असं समजूनच इंग्रजी बोललं जातं. 'मॅथमॅटिक्स'चंही तसंच.

'हे केस'चं काय? डोक्यावरचे सगळे मिळून 'दिस हेअर'. 'युअर हेअर आर लाँग' असं म्हटलं की इंग्रजी कानाला ते खटकतं. मात्र सोफ्यावर मांजराचे चार केस दिसले आणि ते सुटे सुटे दाखवायचे असले, तर 'दीझ हेअर्स' म्हणता येतं. शब्द तोच, पण साठा म्हणून पाहिलं की एकवचन आणि एकेक सुटा मोजला की अनेकवचन.

यावरून कुणी म्हणेल, लहान दाण्यांच्या वस्तू इंग्रजीत एकवचनी असतात, मग झालं. तसं नाही. शेंगदाणे 'दीझ पीनट्स' आहेत. गहू 'दिस व्हीट' आहे, पण ओट नावाचं धान्य 'दीझ ओट्स'. दोन्ही धान्यंच, दोन्ही पोत्यात भरली जातात, आणि तरी एक एकवचनी, दुसरं अनेकवचनी. यामागे वस्तूच्या आकाराचं तर्कशास्त्र शोधत बसू नये. केसांचं अनेकवचन आणि भाताचं एकवचन मराठीतही असंच परंपरेने आलेलं आहे, फक्त आपल्या परंपरेचं आपल्याला नवल वाटत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी शब्दकोशांत नामाशेजारी 'सी' किंवा 'यू' हे अक्षर छापलेलं असतं. 'सी' म्हणजे मोजता येणारं, 'यू' म्हणजे न येणारं. 'यू' दिसलं की दीझ आणि दोझ बाद. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'लगेज' या सगळ्यांपुढे 'यू' असतं, आणि आपल्याकडे अर्जांत, पत्रांत सर्रास दिसणारं 'दीझ इन्फर्मेशन्स' त्यामुळेच चूक ठरतं. 'डेटा' या शब्दावर मात्र दोन मतं आहेत. काही वैज्ञानिक लेखनात तो अजून अनेकवचनी मानून 'दीझ डेटा' लिहितात, रोजच्या बोलण्यात 'दिस डेटा'च चालतं.

उलटी बाजूही आहे. मराठीत ही कात्री एक, हा चष्मा एक, ही पँट एक, ही पक्कड एक. इंग्रजीत हे सगळे अनेकवचनी: दीझ सिझर्स, दीझ ग्लासेस, दीझ ट्राउझर्स, दीझ प्लायर्स. कात्रीला दोन पाती, चष्म्याला दोन भिंगं, पँटला दोन पाय. इंग्रजीने जोडीतला प्रत्येक भाग मोजला, आपण जोडून झालेली वस्तू मोजली. टेबलावर एकच कात्री असताना 'दीझ आर माय सिझर्स' म्हणायला जीभ कचरते, पण तेच बरोबर आहे. एकवचन हवंच असेल तर 'पेअर' हा शब्द आणायचा: 'दिस पेअर ऑफ सिझर्स'. तिथे दर्शकाचं नातं 'पेअर'शी जुळतं आणि 'पेअर' एकवचनी आहे.

'काइंड'च्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावं. 'अशा प्रकारची पुस्तकं' म्हणताना पुस्तकं अनेक आहेत म्हणून 'दीझ काइंड ऑफ बुक्स' म्हणावंसं वाटतं. बोलताना खुद्द इंग्रजीभाषकही तसं म्हणतात. पण लिहिताना, विशेषतः परीक्षेत, प्रकार एक असेल तर 'दिस काइंड' आणि प्रकार अनेक असतील तर 'दीझ काइंड्स' लिहिणंच सुरक्षित. पुस्तकं किती, हा प्रश्न इथे येतच नाही.

उच्चाराबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे चूक व्याकरणाची नसून कानाची असते. 'दिस'मध्ये स्वर ऱ्हस्व आणि शेवटी स. 'दीझ'मध्ये स्वर दीर्घ आणि शेवटी 'झाड'मधल्या झच्या जवळचा आवाज. मराठी लेखनात आपण ऱ्हस्व-दीर्घ कसोशीने पाळतो, पण बोलताना 'दिन' आणि 'दीन' यांत फारसा फरक करत नाही. संदर्भावरून अर्थ कळतो, म्हणून कान तो फरक टिपायला शिकलेलाच नसतो. परिणामी 'दीझ' म्हणायचं मनात असूनही समोरच्याला 'दिस' ऐकू जातं, आणि तो म्हणाला 'दीझ' तरी आपण ऐकतो 'दिस'. यावर उपाय एकच: स्वर ताणायचा आणि शेवटचा आवाज घशात घुमू द्यायचा. गळ्यावर बोट ठेवून पाहा. 'दिस'च्या शेवटी कंप थांबतो, 'दीझ'च्या शेवटपर्यंत तो जाणवतो. मुलांना शिकवताना फळ्यावर लिहून दाखवण्यापेक्षा हे करून दाखवणं कितीतरी जास्त उपयोगी आहे. दॅट आणि दोझ यांचे आवाज इतके वेगळे आहेत की तिथे हा घोटाळा होत नाही.

मराठीतल्या आदरामुळे येणारी अडचण इंग्रजीच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण ती फक्त आपल्यासारख्या भाषांची आहे. 'हे माझे वडील आहेत.' वडील एक, पण 'हे', 'माझे' आणि 'आहेत' ही तिन्ही रूपं अनेकवचनी. सरांची ओळख करून देताना, आजोबांची ओळख करून देताना आपण याच आदरार्थी अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत सर्वनामाच्या वचनाला हे काम दिलेलं नाही. 'दीझ आर माय फादर' म्हटलं तर ऐकणारा दुसरा माणूस शोधेल. 'दिस इज माय फादर' हेच बरोबर, आणि त्यात वडिलांचा तसूभरही अनादर नाही. नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे हे' म्हणणाऱ्या बायकांच्या कितीतरी पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्या 'हे'मध्ये आदर, संकोच आणि जवळीक सगळंच आहे. त्याचं भाषांतर 'दिस'ने होत नाही, 'दीझ'ने तर नाहीच. तिथे सरळ 'माय हजबंड' म्हणावं.

दुसरी गोष्ट 'तो, ती, ते' या शब्दांची. मराठीत लांबची वस्तू दाखवणारा शब्द आणि आधी उल्लेख झालेल्या व्यक्तीसाठी वापरायचा शब्द एकच आहे. 'ते माझे मित्र आहेत' हे वाक्य बोट दाखवून म्हणता येतं आणि नुसतं गप्पांच्या ओघातही म्हणता येतं. इंग्रजी ही दोन कामं वेगळी ठेवते. मैदानाच्या पलीकडच्या मुलांकडे बोट दाखवून 'दोझ आर माय फ्रेंड्स'. ती मुलं एकदा बोलण्यात आली की पुढे 'दे'. एकट्या वस्तूसाठी तसंच आधी 'दॅट', मग 'इट'. म्हणून 'इज दिस युअर बॅग?' या प्रश्नाला 'येस, दिस इज' हे उत्तर कानाला विचित्र लागतं. बॅग एकदा दाखवून झाली, आता 'येस, इट इज'. प्रश्न 'आर दीझ युअर कीज?' असेल तर उत्तर 'येस, दे आर'. मराठीत 'हो, ही माझीच' असं दर्शक पुन्हा वापरून आपण सहज उत्तर देतो, तीच लय इंग्रजीत उतरते.

माणसांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. 'ह्याला विचार' हे मराठीत अगदी घरगुती आणि निरुपद्रवी वाक्य आहे. पण 'आस्क दिस' म्हटलं तर 'ही गोष्ट विचार' असा अर्थ होतो, आणि माणसाकडे बोट दाखवून म्हटलं तर त्याला वस्तू केल्यासारखं वाटतं. ओळख करून देताना, फोनवर स्वतःचं नाव सांगताना किंवा फोटोतली माणसं दाखवताना 'दिस' आणि 'दॅट' एकटे चालतात. इतर ठिकाणी पुढे 'बॉय', 'मॅन', 'लेडी' असं नाम हवं, नाहीतर 'हिम' किंवा 'हर' वापरावं.

अंतराबद्दल फार सांगण्याची गरज नाही. जवळचं आणि लांबचं आपण जसं पाहतो तसंच इंग्रजीही बहुतेक वेळा पाहते. एका जागी मात्र फरक पडतो, आणि तो रोजच्या बोलण्यात सतत येतो. कुणी काही सांगितलं की आपण म्हणतो, 'हे बरोबर आहे', 'हे छान झालं'. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्या बाजूचं मानलं जातं, शिवाय ते नुकतंच संपलेलंही असतं. म्हणून 'दॅट्स राइट', 'दॅट्स ग्रेट'. आता आपण काही सांगणार असू तर मात्र ते आपल्या बाजूचं: 'लिसन टू दिस'. जेवताना घास तोंडात असेपर्यंत 'दिस इज डिलिशस', हात धुतल्यावर 'दॅट वॉज डिलिशस'. फोनवर पलीकडे कोण आहे ते विचारताना ब्रिटिश माणूस सहसा 'हू इज दॅट?' म्हणतो, अमेरिकन 'हू इज दिस?' म्हणतो. अंतर तेवढंच असतं, पण एक पलीकडची बाजू पाहतो आणि दुसरा कानाशी आलेला आवाज.

हे चार शब्द आले कुठून, हे मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारखीच तीन लिंगं होती. 'हा' या अर्थी पुल्लिंगी 'थेस', स्त्रीलिंगी 'थेओस', नपुंसकलिंगी 'थिस', आणि तिघांचं अनेकवचन 'थास'. 'तो' या अर्थी 'से', 'सेओ', 'थॅट', अनेकवचन 'था'. पुढच्या काही शतकांत नामांचं लिंग लयाला गेलं आणि नपुंसकलिंगी रूपं तेवढी टिकली. आजचे दिस आणि दॅट ही मूळची नपुंसकलिंगी रूपं आहेत, आपल्या 'हे' आणि 'ते'च्या जागेवरची. आजचा 'दोझ' आला तो 'थास'पासून. म्हणजे आज लांबच्या अनेकांसाठी वापरला जाणारा शब्द मुळात जवळच्या अनेकांसाठी होता. तो 'दॅट'च्या घरी गेला आणि 'दिस'साठी 'दीझ' हे निराळं अनेकवचन रुळलं.

त्यातले 'से, सेओ, थॅट' संस्कृतच्या 'सः, सा, तत्'शेजारी ठेवून वाचा. हे साम्य योगायोगाचं नाही. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीश आणि संस्कृतच्या अभ्यासकाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असं मांडलं, आणि इंग्रजी ज्या शाखेची आहे तीही त्याच कुळातली असावी असं सुचवलं. त्या शाखेत जुन्या तचा थ झाला: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट. त्याच नियमाने तत् आणि दॅट, फक्त थचा आवाज पुढे मऊ झाला. आपलं 'तो, ती, ते' संस्कृतच्या त्याच मुळातून आलेलं आहे. वर्गात ज्या 'दॅट'ची मुलांना धास्ती वाटते, तो आपल्या 'ते'चा लांबचा भाऊ आहे, हे त्यांना जरूर सांगावं.

शेवटी, स्पर्धा परीक्षांत हमखास येणारा प्रकार. मराठीत आपण 'महाबळेश्वरची हवा पुण्यापेक्षा थंड आहे' असं म्हणतो. हवेची तुलना पुण्याशी झाली, पण कुणाचाही गैरसमज होत नाही. इंग्रजीत लिहिताना हवेची तुलना हवेशीच व्हावी लागते, आणि 'क्लायमेट' हा शब्द दोनदा लिहायचा नसेल तर दुसऱ्या जागी दर्शक बसतं: 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन दॅट ऑफ पुणे'. यातलं 'दॅन' म्हणजे 'पेक्षा', आणि त्याच्या पुढचं 'दॅट' म्हणजे 'क्लायमेट'. ज्याच्याऐवजी दर्शक आलं ते नाम अनेकवचनी असेल तर 'दोझ' येतं: 'द रोड्स ऑफ नागपूर आर वायडर दॅन दोझ ऑफ पुणे'. इथे 'दिस' आणि 'दीझ' कधीच बसत नाहीत, दुसरी वस्तू वाचणाऱ्याच्या हाताशी असली तरीही. माणसांसाठीही हीच अनेकवचनी जागा मोकळी आहे. मराठीच्या 'जे येतील ते'साठी 'दोझ हू कम' म्हणतात, आणि तिथे 'दोझ'ला पुढे कोणतंही नाम लागत नाही. एकट्या माणसासाठी मात्र 'दॅट हू' चालत नाही, तिथे 'द वन हू' म्हणावं लागतं.